टेकडी नसलेला मुलूख

वीस वर्षं मी वर्ध्यात भूगोल शिकवला आणि बांगलादेशाचं उत्तर पोरांकडून घोकून घेतलं. जमीन सखल, वस्ती दाट, उपसागर नरसाळ्यासारखा निमुळता, म्हणून चक्रीवादळाचा फटका मोठा. एक मुद्दा सुटला की मी अर्धा गुण कापायची.

मग आमच्या वरच्या खोलीत त्याच देशातली एक मुलगी भाड्याने आली. जवळच्या सावंगीच्या कॉलेजात नर्सिंग शिकायची, दोन वर्षांत आमच्यासारखंच बोलायला लागली होती. सुट्टीत घरी जायला तिने बॅग भरली आणि वादळाची बातमी आली. किनाऱ्याजवळच्या खेड्यात तिची आई एकटी. माझ्याच स्वयंपाकघरातून ती आईला फोन करत होती.

मी सवयीने मध्ये तोंड घातलं. "तुह्या आईले म्हण, टेकडीवर जाऊन बस. काऊन थांबून राह्यली?" आमच्या धाम नदीला पूर आला की लोक तेच करतात.

"टेकडी नाई ना, काकू."

"जवळ नसंल."

"आमच्या भागात कुठंच नाई."

तिने कणकेच्या परातीत पाणी ओतलं. दोन्ही हात निमुळते धरून ते पुढे ढकललं, तसं ते काठावरून ओट्यावर सांडलं. "वारा समुद्राले असा ढकलते. पुढं जागा कमी, मंग पाणी वर चढते. तिथंच आमची घरं, एकाले एक लागून. उंच म्हणजे फक्त शाळा."

मला धामकाठच्या पवनारची आमची सहल आठवली. तिथल्या टेकाडावरून ही खाली उतरेना, आईला फोटो पाठवत बसली होती. मी तिला आळशी म्हटलं होतं. आता माझी मलाच लाज वाटली.

दुपारी आईचा फोन बंद झाला. दोन दिवस ती फोन समोर ठेवून बसली. तिकडे जाता येईना, इथे घास उतरेना. सगळे मुद्दे मला पाठ होते आणि एकाचाही उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी आईचा आवाज आला. अख्खं गाव शाळेच्या गच्चीवर उभं होतं, बसायला जागाच नव्हती. घर वाहून गेलं होतं. मुलगी रडत-हसत काहीतरी बोलली. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली आणि तिने फोन खाली ठेवला.

"काय म्हणते आई?"

"मी म्हटलं, उद्याच निघतो. तर म्हणे, येऊ नको. तिथं टेकडी आहे, तिथंच राह्य."