आमच्या कॉम्प्युटरमधला पितृपक्ष

मंडळी, मुलीच्या ऑनलाइन मुलाखतीसाठी काल नवा कॉम्प्युटर आणला. माझे वडील, नाना, आडवे आले. "पितृपक्षमा नवी वस्तू सुरू करानी नही!"

मी हुशारी केली. कॉम्प्युटरची तारीख ढकलून थेट घटस्थापनेवर नेली. "बघा नाना, पितर गेले!" नानांनी चष्मा पुसून खात्री केली आणि नारळ फोडला.

आज ऐन मुलाखतीच्या वेळी साइट उघडेना. स्क्रीनवर सूचना आली, 'तुमचं घड्याळ पुढे आहे.' मुलगी रडकुंडीला आली. मी मुकाट्याने आजची तारीख लावली आणि मुलाखत सुरू झाली.

दारातून नाना म्हणाले, "देख! पितरस्ले परत बलावं, तवयच काम झायं!"

यावर उत्तर सुचलं तर लिहा. जपून लिहा, नाना कॉमेंट वाचतात.