चढवलेली पट्टी

दिघीत लष्कराच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत आम्रपालीचा गाण्याचा क्लास एकोणीस वर्षं चालला. दहा बाय बाराची खोली, एक पेटी, तबल्याची जुनी जोडी आणि दारात चपलांचा ढीग. पोरं तिला टरकून असायची, कारण लक्ष न देता बेसूर गाणाऱ्याला ती सरळ उठवून बाहेरच्या पायरीवर बसवायची. तेच पोर उपाशी आलंय असं कळलं, की आपल्या ताटातली भाकरी त्याच्यापुढे सरकवायचीही तीच.

गाणं तिला वडिलांकडून मिळालं. जयसिंगची गायन पार्टी होती. एप्रिलचा महिनाभर भोसरीपासून चाकणपर्यंत जयंतीचे कार्यक्रम असायचे, आणि भोंगे असे भिकार, की अर्धे सूर वाऱ्यावर जायचे. मग बाप पेटीवरून ओरडायचा, "मागच्याला ऐकू जात न्हाई, पट्टी चढीव पोरी!" पोरगी वर जायची आणि मागची माणसं माना डोलवायला लागायची. हे शिक्षण तिच्या अंगात इतकं मुरलं, की वेळ आली तेव्हा तिला दुसरं काही सुचलंच नाही.

लग्न समाधानशी झालं. तो निघोज्याजवळ एका प्रेस शॉपमध्ये कामाला होता. पत्र्यावर आदळणाऱ्या प्रेसचा दणका त्याने बावीस वर्षं ऐकला. कानात घालायचे बोळे पाहणीच्या दिवशी वाटायचे आणि साहेब गेले की गोळा करायचे, असा तिथला निर्लज्ज कारभार. समाधान आपला कापूस कोंबायचा. शिफ्ट संपवून आला, की हातपाय धुऊन पेटीसमोर मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "मामांचं म्हण." मामा म्हणजे सासरे. जयसिंगने आईवर रचलेलं एक गाणं होतं, ते ऐकल्याशिवाय हा माणूस जेवायचा नाही. त्याची ती वेळ चुकू नये म्हणून आम्रपालीने मुंबई-नागपूरची बोलावणी परत पाठवली. त्याचा तिला कधी पस्तावा झाला नाही.

दहाएक वर्षांपूर्वी समाधान प्रत्येक वाक्याला "काय?" विचारायला लागला. दोघांनी ते घरातच दाबलं, कारण कंपनीत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर. पण संध्याकाळी गाताना त्याची नजर जरा हरवल्यासारखी दिसली, तेव्हा आम्रपालीने बापाने शिकवलं तेच केलं. काळी चार सोडून काळी पाच धरली. वर्षभराने आणखी वर. दिवसभर पोरांना शिकवून शिणलेला गळा ती रोज ताणत राहिली. आवाज चिरकायला लागला तेव्हा ज्येष्ठमध चघळला, पण पट्टी उतरवली नाही.

गेल्या वर्षी घशाच्या डॉक्टरांनी पडद्यावर तिच्याच स्वरतंतूंवरच्या गाठी दाखवल्या आणि गाणं बंद करायला सांगितलं. तिने क्लास बंद केला. संध्याकाळचं गाणं मात्र बंद केलं नाही. माझा आवाज गेला तर जाऊ दे, पण याचे कान पुरते जाण्याआधी त्यात माझं गाणं राहिलं पाहिजे, असा तिचा हट्ट होता.

या फेब्रुवारीत समाधानची नोकरी सुटली. आता लपवायचं काही उरलं नाही, म्हणून मुलगी मिनल दोघांना घेऊन बापाचे कान तपासायला गेली. आवाज आला की बोट वर करायचं होतं. समाधानचं बोट बराच वेळ मांडीवरच पडून राहिलं. तपासणाऱ्या मुलीने कागदावरची घसरत गेलेली रेघ दाखवली.

"कारखान्यातल्या आवाजाने बारीक, उंच आवाज आधी जातात. यांच्याशी चढ्या आवाजात बोलूच नका. समोर बसून, खालच्या आवाजात, सावकाश बोला."

"आणि गाणं?" आम्रपालीने विचारलं.

"गाणंसुद्धा. काही वर्षांपूर्वी खालच्या पट्टीत म्हटलं असतं, तर बरंच कळलं असतं त्यांना."

मिनलने आईकडे पाहिलं. आई पर्सची चेन लावत होती. लावलेली चेन तिने उघडली आणि पुन्हा लावली.

त्या संध्याकाळी तिने पट्टी उतरवली. पार खाली, बाप गायचा तिथे. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसऱ्या ओळीला गळ्यातून नुसती हवा आली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. समोर समाधान तिच्या तोंडाकडे टक लावून मांडीवर ठेका धरत होता. नेमक्या समेवर त्याने मान तिरकी केली आणि म्हणाला, "वा!"

आम्रपालीने पेटीवरची बोटं उचलली. ओठ मात्र हलवत राहिली. त्याचा ठेका चुकला नाही. किती वर्षं हा माणूस असा नुसता बघून दाद देत होता, ते तिच्या ध्यानात आलं. आधी तिला त्याचा संताप आला, मग स्वतःचा.

"ऐकू येतंय?" तिने ओठांनीच विचारलं.

"तर! रोजच येतंय की," समाधान म्हणाला. "आज तर मामांची आठवण झाली बघ. थांबलीस का? अजून एक कडवं हाय ना?"

तिने मान हलवली. समोर बसून, एकेक शब्द त्याला नीट दिसेल असे ओठ हलवत, तिने शेवटचं कडवं आवाजाशिवाय पूर्ण केलं.