पुरेकाका

पुरेकाका मला पहिल्यांदा दिसले ते परळच्या मैदानात, चहाचे दोन ग्लास घेऊन चाललेले. मी त्यांना चहावाला समजलो आणि हाक मारली, "एक इकडे द्या हो!" त्यांनी मुकाट्याने दिला. अर्धा संपल्यावर कळलं की हे करी रोडला राहणारे जुने फास्ट बॉलर, आणि तो चहा माझ्या मुलीच्या कोचसाठी होता. "लवकर संपवा," ते म्हणाले, "तिकडे पोरीचा खांदा वाट बघतोय."

दोन्ही ग्लास ते डाव्या हातात धरायचे. उजवा हात खांद्याच्या वर जातच नसे. शाळेत असताना कोच म्हणेल तितकी बॉलिंग केली, त्याचं हे बक्षीस. "मला कोणी पुरे म्हटलं नाय रे," एवढंच सांगायचे. म्हणून आता ते मैदानामैदानांतून कोचना पुरे म्हणत हिंडायचे. नाव पोरांनीच पाडलं.

पण ओरडून कधीच नाही. ईराला किती बॉलिंग करायला लावता, म्हणून एकदा मी बापाच्या रुबाबात तिच्या कोचला, मोहिते सरांना, भर नेटमध्ये सुनावायला निघालो, तर काकांनी मागून शर्ट ओढला. "पोरांसमोर कोचला बोललास की तो हट्टाला पेटतो. मग शिक्षा पोरीच्या खांद्याला. चहाला बाजूला घे. आधी टीमचं कौतुक कर."

ईराचा खांदा फायनलच्या आधीच दुखत होता. घरी तिने पत्ता लागू दिला नाही. फायनलला ती पाण्याची बाटलीही डाव्या हाताने उचलत होती, ते काकांनी पाहिलं आणि लंचला चहा घेऊन सरांकडे गेले.

"काका, आज नको. फायनल आहे."

"म्हणून तर आज आलो, सर. थांबवलंत तर ती आज रडेल. नाय थांबवलंत तर जन्मभर तुमचं नाव घेईल. मी माझ्या कोचचं घेतो तसं."

सरांचा चहा तसाच निवला. लंचनंतर ईराच्या हाती बॉल आला नाही. मॅच गेली.

"माझी फायनल खाल्लीत तुम्ही," ती काकांना म्हणाली.

"होय गो बाय," काका म्हणाले.

त्यानंतर अबोला. विश्रांतीने खांदा बरा झाला, ती पुन्हा जोरात टाकू लागली. काका दिसले की मात्र तोंड फिरवायची. मी म्हणायचो, सॉरी म्हण. ती म्हणायची, नंतर. मी काकांची समजूत घालायचो, "माझ्याशी तर ती जन्मल्यापासून अशीच वागते." काका लांबून तिचा रनअप बघत राहायचे. "हात सुटा चाललाय ना? मग राग असू दे."

गेल्या महिन्यात काका झोपेतच गेले. त्यांना पोचवून घरी आलो, तर ईरा आतल्या खोलीत दार लावून बसलेली. मी दोन चांगली वाक्यं जुळवून उठलो. बायकोने हात धरून खाली बसवलं.

"रडू दे तिला," ती म्हणाली. "खांदा दुखत असता तर शेकला असता आपण."