इराची आज्जी म्हणून

इराचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कामासाठी टौरंगाला गेले होते. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीतच देते. त्या सकाळी मात्र ती मराठीत म्हणाली, "आई, आज्जी उठत नाहीये." शेजारची बाई तिच्यापाशी होती, अँब्युलन्सही आली होती, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पापाकुराच्या आमच्या घरापर्यंतचा रस्ता मी कसा कापला ते आठवत नाही. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, झोपेतच हृदयविकाराचा झटका आला होता. त्याला आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारे अनेक जण हळूच एक गोष्ट विचारतात... मुलगा सिडनीला आणि आई सुनेकडे, ते कसं? ते कसं, हे सांगितलं की आईंची ओळख होईल.

सुशीलाबाई जगदाळे साताऱ्यात मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. सासरे गेल्यावर अभिजितने, माझ्या तेव्हाच्या नवऱ्याने, त्यांना स्पॉन्सर करून इकडे ऑकलंडला आणलं. पहिला हिवाळा त्यांनी दोन स्वेटर घालून घरात बसून काढला. ऊन पडायला लागल्यावर बाहेर पडल्या आणि मग थांबल्याच नाहीत. कोपऱ्यावरचा डेअरीवाला, म्हणजे इथला किराणा दुकानदार, असो की बसचा ड्रायव्हर, 'किया ओरा' या माओरी नमस्काराने सुरुवात करायची आणि पुढचं मराठी-इंग्रजीत रेटून न्यायचं. इराला शाळेतून आणायचं काम त्यांनी न विचारता स्वतःकडे घेतलं.

पुढे अभिजितचं आणि माझं पटेना. कोणाचं काय चुकलं हे इथे नको. तो सिडनीला गेला, आणि आईंनी भारतात परतून पुण्याला माझ्या नणंदेकडे राहावं असं त्याने ठरवून टाकलं. फोन स्पीकरवर होता. "तू तिच्याकडे कोणत्या नात्याने राहणार?" त्याने विचारलं. आई मेथी निवडत होत्या. "इराची आज्जी म्हणून," त्या म्हणाल्या आणि दुसरी जुडी पुढे ओढली.

फोन ठेवल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला. "मला अभीनं आणलं. तो गेला, तर माझा व्हिसा राहील का गं?" मलाही माहीत नव्हतं. आम्ही सँडरिंगहॅमला किराणा आणायला जायचो, तिथे एका व्हिसा सल्लागार बाईंचं ऑफिस होतं. त्यांनी समजावून सांगितलं. रेसिडेंट व्हिसा आईंच्याच नावावर आहे, मुलगा देश सोडून गेला म्हणून तो आपोआप जात नाही. पण त्यावर प्रवासाची मुदत आहे, आणि ती संपते त्या दिवशी आई देशाबाहेर असल्या तर हक्क गेला. मग पुन्हा विनंती करता येते, पण हमी कोणी देत नाही. इथे पुरेसा काळ राहून एकदा कायमचा व्हिसा मिळाला की ही भीती नाही. आईंनी मुदतीची तारीख दोनदा म्हणून पाठ करून घेतली.

मुदत संपायला काही महिने असताना भारतात त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. जाऊ नका, असं माझ्या अगदी जिभेवर होतं. पण सख्ख्या बहिणीची मुलगी... गेल्या, आणि लग्नघरातल्या ओल्या फरशीवर घसरून घोटा मोडून बसल्या. नणंदेने पुण्याला नेऊन त्यांचं मनापासून केलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात विमान नको. अभिजित म्हणाला, देवाच्याच मनात नाही असं समज. दिवस सरत होते. शेवटी मीच फोनवर म्हणाले, "आई, तब्येतीपुढे व्हिसा मोठा नाही. तुम्ही राहा तिकडे, मी काही मनात आणणार नाही."

आई म्हणाल्या, "दिवेलागणीला गेट बंद व्हायच्या आत आत या, हे आयुष्यभर पोरींना सांगितलं. आता मीच बाहेर राहू? आणि मी येते असं इराला सांगून आलेय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं ते 'जाऊ का' असं नाही, 'कशी जाऊ' असं. डॉक्टरांनी प्लास्टर चिरून सैल केलं, प्रवासात रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनं लिहून दिली, विमान कंपनीसाठी दाखला दिला. मुदतीचे थोडेच दिवस उरले असताना ऑकलंडच्या विमानतळावर त्या व्हीलचेअरवरून बाहेर आल्या, पाय पुढे ताठ, चेहरा सुजलेला. इरा धावत गेली आणि पायाकडे बघून थबकली. "डझ इट हर्ट, आज्जी?"

"हीप्स," आई म्हणाल्या. 'खूप' यासाठीचा हा इराचाच शब्द. आणि तिला जवळ ओढलं.

पुढे कायमचा व्हिसा आला तेव्हा मी शिरा केला. "आता कधीही जाता येईल, कधीही येता येईल," त्या म्हणाल्या. गेल्या मात्र कुठेच नाहीत. थंडीत घोटा ठणकायचा, तरी त्या लंगडत शाळेच्या फाटकापर्यंत जायच्या. इरा मोठी झाली होती, तिला आणायची गरज उरली नव्हती. पण नको येऊस, असं तीही कधी म्हणाली नाही.

अंत्यविधीला अभिजित आला. आमच्यात बोलण्यासारखं फार नव्हतं, तरी त्याचं रडणं मला बघवलं नाही. परत निघायच्या आदल्या दिवशी तो आईंच्या खोलीत गेला. पलंगावर घडी घातलेली गोधडी, दारामागे त्यांचा जांभळा रेनकोट. "ताई म्हणते, सामान पुण्याला पाठवू या," तो म्हणाला. "इथे ठेवून काय करायचं?" मी काही बोलायच्या आत इरा दारात येऊन उभी राहिली. "नो, डॅड. शी लिव्हज हिअर."

आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं. पण तिने ते बदललं नाही. अभिजितने गोधडीवरून एकदा हात फिरवला आणि तो बाहेर आला.

आता शाळेतून आली की इरा अभ्यासाला त्याच खोलीत बसते, हिटर लावून, गोधडी पायावर घेऊन. गेल्या आठवड्यात माझी एक मैत्रीण राहायला आली होती. तिला मी हॉलमध्ये गादी घालून दिली.