ओनेका काकू आणि चार राजांच्या शपथा

आमच्या ओनेका काकूने ओकच्या झाडांच्या एका रानापायी चार राजे पाहिले. ती लग्न होऊन खोऱ्यात आली, त्याच वर्षी किल्लेदाराने गावाचं रान बळकावलं. डुकरांना ओकची फळं मिळेनाशी झाली आणि हिवाळ्यात घरोघरी मांसाऐवजी नुसतं कोबीचं पाणी शिजू लागलं.

आमच्या नवार राज्यात राजाला गादी आयती मिळत नाही. राजधानीच्या, पाम्प्लोनाच्या मोठ्या चर्चमध्ये त्याने आधी शपथ घ्यायची, 'झालेले अन्याय दूर करीन.' खोऱ्याखोऱ्यांच्या पंचांनी 'आमेन' म्हणायचं, मग सरदार त्याला ढालीवर उभा करून उचलणार. पहिल्याने शपथ घेतली आणि वर्षात वारला. त्याच्या भावाने घेतली आणि विसरला. पुतण्या फ्रान्समधून आला, शपथ घेऊन तिकडेच परतला. रान किल्लेदाराकडेच राहिलं. तिथेही किल्लेदार बाप गेला, त्याच्या जागी मुलगा आला.

चौथ्याच्या वेळी आमचे पंच होते माझे वडील, सेमेनो. काकूही निघाली.

"वहिनी, तिथे तुमचं काय काम?"

"तुमची मान लगेच डोलते, भावजी. ती धरायला येते."

शपथ झाली. सगळे 'आमेन' म्हणाले. वडील तेवढे गप्प. काकू त्यांच्या पाठीशीच उभी होती.

"सेमेनो, झोप लागली का रे?" शेजारचा पंच कुजबुजला.

ढालीला हात घालायला वाकलेले सरदार पुन्हा ताठ झाले. राजाला आमची बोली येत नव्हती, त्याने दुभाष्याकडे पाहिलं. वडिलांच्या तोंडून "आमचं..." एवढंच निघालं. मग काकूच बोलली.

"अन्याय कुठला, तेही बोला महाराज. पागोलाचं रान म्हणतात त्याला. तिघांनी नाव न घेता शपथ घेतली, म्हणून तिघांनाही ते सापडलं नाही."

दुभाष्याने अडखळत सांगितलं. राजा हसला नाही. त्याने पवित्र ग्रंथावर पुन्हा हात ठेवला, काकूकडून नाव दोनदा म्हणवून घेतलं आणि आमच्या बास्क बोलीत, मोडकंतोडकं का होईना, स्वतः उच्चारलं. वडिलांचं 'आमेन' बाहेर घोडे धरून उभ्या असलेल्यांनीही ऐकलं. मगच ढाल वर गेली.

त्या शरद ऋतूत किल्लेदाराच्या माणसांनीच रानाभोवतीचं कुंपण काढलं. चाळीस डुकरं हाकत काकू सगळ्यांच्या पुढे रानात शिरली. नाताळात प्रत्येक चुलीवर मांस टांगलेलं होतं.

पाचव्या राजाच्या वेळी खोऱ्याने तिला खेचरावर बसवून नेलं. शपथ संपली, तेव्हा सगळे पंच आधी तिच्याकडे वळले. तिने सावकाश मान डोलावली, मगच 'आमेन' झालं.