उभ्या माणसानं बोलत राहायचं

पाच वर्षं मी पत्ते खेळून पोट भरलं. आमच्या गावात हे वाक्य मान वर करून बोलता येत नाही. पत्ते म्हटले की लोकांना पोळ्याच्या दिवशी देवळामागं बसणारी तीनपत्तीची टोळी आठवते, आणि पोलिसांची गाडी दिसली की धानाच्या बांधीतून चपला सोडून पळणारे मोठमोठे बाप्ये. माझं तसं काही नव्हतं हो. सकाळी आंघोळ करायची, चहा प्यायचा, मोबाईल चार्जिंगला लावून खुर्चीवर बसायचं, दुपारी जेवायला उठायचं आणि दिवस कलला की बंद. घुग्घुसला एका सिमेंटच्या कारखान्यात ठेक्यावर चार वर्षं धूळ खाल्ली होती. त्यापेक्षा हे काम स्वच्छ होतं. पण कोणाकोणाला समजावणार? गावात मी 'कॉम्प्युटरचं काम' करत होतो.

आईला तेवढं खरं सांगितलं होतं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तिथं काय लपवणार? हारला तर काय, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, थोडंथोडं तर रोजच हारायचं असतं, पण घर हालेल इतकं एका डावात कधी लावायचं नाही. ती 'पाहू' म्हणाली आणि मोहाची फुलं निवडायला बसली.

मी मोबाईलवर पैसे लावून खेळायचो तो पोकर म्हणजे निव्वळ नशीब, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. दोन पत्ते तुमच्या हातात, पाच सगळ्यांच्या समोर. यात नशीब आहेच, नाही कोण म्हणतो? पण दहातले आठ डाव मी सुरुवातीलाच टाकून देत होतो. हेच त्या कामातलं खरं काम. हातात बरे पत्ते आहेत, थोडे पैसे लावूनही झालेत, तरी समोरचा भारी दिसतो म्हणून हात सोडून द्यायचा. हे ज्याला जमत नाही त्यानं या वाटेला जाऊ नये.

मोबाईलवर समोरच्याचा चेहरा नसतो. मग त्याला ओळखायचं कसं? तर त्याच्या गोष्टीवरून. माणूस पैसे लावतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो, माझ्याकडं हे आहे म्हणून. ती गोष्ट पहिल्या पत्त्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत जुळते का, एवढंच मी पाहायचो. खरं बोलणाऱ्याची जुळते. ब्लफ मारणाऱ्याची मधेच कुठेतरी उसवते, कारण तो आधी जे वागला ते त्याला आता आठवत नसतं.

या खेळानं मला आणखी एक गोष्ट शिकवली आणि त्यावरून आईशी माझं दरवर्षी भांडण व्हायचं. चुकीचा डाव खेळूनही माणूस जिंकतो, आणि एकदा जिंकला की त्याला आपण बरोबरच होतो असं वाटायला लागतं. आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढं, रानाला अगदी लागून. चैत आला की आई मोह वेचायला जायची. आता आमच्याकडं मोह वेचायला जाणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगतो. झाडाखाली पडलेली फुलं वाकून वाकून टोपलीत भरायची, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतो. आमच्या आजूबाजूच्या गावांतून अशी माणसं गेली आहेत. मी म्हणायचो, बस झालं आता, मी कमावतो ना! ती म्हणायची, चाळीस वर्षं जाऊन राह्यली, काही झालं का? म्हणूनच तर भीती वाटते, असं मी म्हणायचो. तिला वाटायचं पोराचं डोकं मोबाईलनं बिघडलं.

पण खरं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा चांगली खेळाडू होती. तिचे नियम होते आणि ते कोणी पुस्तकात लिहिलेले नव्हते. सूर्य कासराभर वर आल्याशिवाय निघायचं नाही. तिघींनी जायचं, आई, शेजारची काकू आणि पलीकडच्या घरची मावशी. दोघींनी वाकायचं, एकीनं हातात काठी घेऊन उभं राहायचं. उभीचं काम एकच, बोलत राहायचं. काय बोलायचं ते तिचं तिनं ठरवावं. सुनेच्या चहाड्या चालतील, कंट्रोलच्या दुकानातल्या तांदळाला शिव्या चालतील, पण गप बसायचं नाही. माणसाचा आवाज ऐकला की वाघ बहुतेक आपली वाट बदलतो. थोड्या वेळानं पाळी बदलायची.

एका वर्षी मी तिला घ्यायला रानाच्या कडेपर्यंत गाडी घेऊन गेलो, तर तिघी रिकाम्या टोपल्या घेऊन परत येताना दिसल्या. झाडाखाली फुलांचा नुसता सडा होता म्हणे, पण बाजूच्या ओल्या मातीत ताजा पंजा उमटला होता. त्यांनी एक फूल उचललं नाही. आई रस्ताभर त्या फुलांबद्दल हळहळलीसुद्धा नाही, घरी येऊन तिनं भाजी चिरायला घेतली. त्याच दुपारी मी एक हात सोडायला पाहिजे होता तो सोडला नाही आणि महिनाभराची कमाई घालवली. संध्याकाळी पावशेर जिलेबी घेऊन घरी आलो. तिनं जिलेबीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग ताटली आणायला आत गेली.

मग मागच्या पावसाळ्यात कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. एके दिवशी ॲप उघडलं तर टेबलंच नव्हती. जमा होते ते पैसे परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. कायदा चूक की बरोबर यावर मी कोणाशी बोललो नाही. माझ्याबरोबर खेळणाऱ्या किती जणांनी घरंदारं घालवली होती ते मला माहीत होतं, आणि माझी कमाई त्यांच्याच चुकांतून येत होती हेही. पण सदतिसाव्या वर्षी माणसाचं एकुलतं एक कसब एका सकाळी निकामी होतं, तेव्हा त्याला फार शहाणपण सुचत नाही. मी हादरलो होतो.

आईला सांगितलं नाही. का, ते आजही धड सांगता येत नाही. पाच वर्षं तिच्यापुढं टेंभा मिरवला होता, तो खाली ठेवायची लाज वाटली असेल. गाठीला थोडं होतं. वर्षभर पुरेल असा हिशेब केला आणि रोजच्यासारखा खुर्चीवर बसत राहिलो. मोबाईल हातात, चार्जर लावलेला. नोकरीच्या जाहिराती पाहायचो, अर्ज करायचो. मधूनच 'च्यायला' म्हणायचो, डाव गेल्यासारखं. ती विचारायची, कसं चाललं? मी म्हणायचो, मस्त. आणि मस्त चाललंय हे तिला पटावं म्हणून फाल्गुनातच चंद्रपूरहून नवा कूलर आणला. ब्लफ मारायचाच तर मोठा मारावा, अशी माझी अक्कल.

मोहाचे दिवस सुरू झाले. यंदा मी भांडलो नाही. कोणत्या तोंडानं भांडणार?

आठ-दहा दिवस गेले असतील. एका सकाळी मी उठलो तर माझ्या चार्जरच्या जागी आईची उजेडाची बॅटरी लावलेली होती. सूर्य वर आल्यावर निघणाऱ्या बाईला बॅटरी कशाला लागते? दात घासत अंगणात आलो. मोहाची फुलं वाळताना रंग बदलतात. आजची पिवळसर, कालची लालसर, परवाची तपकिरी. अंगणात बोऱ्या अंथरल्या होत्या आणि त्यावरून मला दिवस वाचता येत होते. पहिल्या दिवसांचा ढीग नेहमीएवढा. मग एकदम दुप्पट. तीन बाया मिळून वेचतात आणि वाटून घेतात, मग आमचाच वाटा दुप्पट कसा झाला? मी कुंपणापलीकडं पाहिलं. काकूच्या दाराला कुलूप होतं, ती मुलीच्या बाळंतपणाला आरमोरीला गेली होती आणि हे मला माहीत असूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मावशीच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या. मोहाचं एक फूल नव्हतं. नंतर कळलं की तिचा गुडघा होळीपासूनच धरला होता.

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. आई माझ्या उठण्याआधी, अंधारात, एकटी, वाकून फुलं वेचत होती. तिच्याजवळ उभं राहणारं कोणीच नव्हतं.

दुपारी ती कूलरसमोर बसून फुलं निवडत होती. मी समोर बसलो आणि विचारलं, मोहाला कोणासंग जातेस? ती म्हणाली, रोजच्याच बाया. मग मी सगळं मांडलं. कुलूप, मिरच्या, बॅटरी, बोरीवरचे रंग. एकेक करून. माझा आवाज चढत गेला. वाघानं मानगूट धरल्यावर ओरडशील कोणाला, असंही बोललो. तिनं ऐकून घेतलं. हातातली फुलं खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"झालं तुहं?" ती म्हणाली. "आता तू सांग. तुहा खेळ कधीपासून बंद आहे?"

मी म्हटलं, कोण म्हणतं बंद आहे?

"कूलर आणला तवाच समजलं मले," ती म्हणाली. "जिंकते तवा तू घरात एक रुपया काढत नाई, नुसता गुरगुर करते. हारते तवा जिलेबी आणते. कूलर कवा आणला होता का तू?"

पाच वर्षं. मी अनोळखी माणसांची पानं वाचत बसलो आणि ही चुलीपाशी बसून मला वाचत होती.

पोकरमध्ये एक नियम आहे. शेवटी पत्ते उघडायची वेळ येते तेव्हा शेवटची बोली ज्यानं लावली, त्यानं आधी दाखवायचं. शेवटची बोली माझी होती, कूलर होऊन समोर घरघरत होती. म्हणून मी आधी सांगितलं. पावसाळ्यापासून काम नाही, गाठीला आणखी चार-पाच महिन्यांचं आहे, अर्ज केलेत त्यांची उत्तरं नाहीत. तिनं मान हलवली, एवढंच.

मग मी विचारलं, काऊन गेली तू एकटी? तुझे नियम तूच मोडलेस ना?

"घरात एक तरी माणूस कमावणारं पाह्यजे ना," ती म्हणाली, आणि परत फुलं निवडायला लागली.

मला रडू आलं, आणि मी रडलो. हिशेब मी केला होता की! किती दिवस पुरेल, किती गेलं तर चालेल, सगळा. पण या डावात मी एकटाच बसलोय असं धरून चाललो होतो. माझा कूलर पाहून समोरच्या बाईनं काय लावलं, ते माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं. आणि तिनं तर तोच डाव खेळला होता जो खेळायचा नाही म्हणून मी तिला वर्षानुवर्षं सुनावत होतो. माझ्यासाठी खेळली होती.

मी म्हटलं, उद्यापासून जायचं नाही. ती म्हणाली, झाडं फुललीत, आणखी आठ दिवस तरी जाणार. मी म्हटलं, मग मी संग येतो. यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"येशील तं उभा राह्यजो. वेचू नको. अन् गप राहू नको."

दुसऱ्या दिवशी सूर्य कासराभर वर आल्यावर आम्ही निघालो. तिनं आधी झाडाभोवती एक चक्कर मारली, माती पाहिली, काठीनं झुडूप हलवलं. मग टोपली ठेवून वाकली. मी काठी घेऊन उभा राहिलो. तिची पाठ मी इतक्या वरून कधी पाहिली नव्हती. एवढीशी झाली होती. रान शांत होतं आणि मला एक शब्द सुचेना. काय बोलतात उभी माणसं? मला सून नाही, चहाड्या करायला शेजारीण नाही. पाच वर्षं मी तोंड न उघडता काम केलेलं.

"बोल," ती खालून म्हणाली.

मग मी बोलायला लागलो. आधी घुग्घुसची नोकरी सोडली तेव्हा किती भ्यालो होतो ते सांगितलं. मग पत्त्यांवर आलो. त्या जिलेबीच्या दिवसाचा डाव सांगितला, माझ्या हातात दोन राजे होते, समोर एक्का पडला, समोरचा लावत गेला, लावत गेला, आणि त्याच्याकडं एक्का आहे हे मला दिसत होतं. ती फुलं टोपलीत टाकत पुढं पुढं सरकत होती, तिच्या मागोमाग मी, चारी बाजूंना पाहत.

"दिसत होतं तं मंग सोडला काऊन नाई?" तिनं न उठता विचारलं.

इतकी वर्षं मी स्वतःला याची वेगवेगळी उत्तरं दिली होती. तिथं काठी धरून उभा असताना एकच आलं, आणि तेही पुटपुटल्यासारखं. राजे माझे होते ना, म्हटलं. सोडवेना.

वाकलेल्या पाठीतून तिचा आवाज आला, "मोठ्यानं बोल."