दिवस मावळायच्या आत

निपाणीच्या तारामतीला भुकेची सवय होती, असं लोक मागनं कौतुकानं सांगायचे. कसली डोंबलाची सवय! पोरीला रोज संध्याकाळी रडू यायचं, आणि रडायलाही सवड नसायची.

लग्नानंतर वर्षातच नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरी चुलीमागच्या कोपऱ्यात पडून होती. बेळगावच्या मिशनच्या दवाखान्यात बायकांना नर्सचं काम शिकवतात असं कानावर आलं, तसा तिनं हट्टच धरला. वडील धरणेंद्र तंबाखूचे व्यापारी, धर्माला कडक. त्यांनी तिला बस्तीत, जैनांच्या देवळात, देवापुढं उभं केलं.

"दिवस मावळल्यावर अन्नाला शिवायचं न्हाय. शिवलीस असं कळलं, तर त्याच दिवशी गाडी जुंपून परत आणीन."

तारामती व्हय म्हणाली. जैनाच्या पोरीला त्यात अवघड ते काय?

मग एकोणीसशे अठरा साली मानमोडीच्या तापाची, इन्फ्लुएंझाची साथ आली. शहापुरातले विणकरांचे माग थांबले, दवाखान्यातल्या खाटा संपल्या, माणसं व्हरांड्यात चटयांवर पडली. शिकवणं बंद झालं आणि शिकाऊ पोरींना सरळ वॉर्डात जुंपलं. दुपारची भाकरी कधी मिळायची, कधी नाही. त्यात नेमका दिवस कलताना रोग्यांचा ताप चढायचा, म्हणून दवाखाना चालवणाऱ्या मिसबाईंचा हुकूम, आधी रोगी, मग जेवण. जेवणाची घंटा व्हायची ती दिवे लागल्यावर. बाकीच्या पोरी पानावर बसायच्या, ही उपाशी निजायची. सांगायला गेली, तर मिसबाई म्हणाल्या, "अशा वेळी कसले नियम पाळता?" अहो, मग तुमची घंटा हा नियम नव्हता तर काय?

तिला तारलं यशोदानं. खानापूरकडच्या शेतकऱ्याची ही पोर, बोलायला फटकळ. रोज दिवस कलला की ती तारामतीला ढकलायची. "जा गं, तुजी माणसं मी सांभाळीन. उजेड हाय तवर गिळून ये." अशी ती रोज दोघींचं काम एकटी ओढायची. आणि मग एका सकाळी तीच तापानं आडवी झाली.

आता तारामतीला ढकलणारं कुणी उरलं नाही. दोन संध्याकाळी उपाशी गेल्या. तिसऱ्या दिवशी ती यशोदाला पेज पाजायला बसली, तर वाटी तिच्या हातात थरथरत होती. यशोदानं ते बघितलं आणि तोंड घट्ट मिटलं.

"पी की गं!"

"तू आदी जेव. मग पिईन."

"मरायचं हाय व्हय तुला?" तारामती किंचाळली.

यशोदानं नुसती मान फिरवली. खिडकीबाहेर चिंचेच्या शेंड्यावर थोडं ऊन उरलं होतं. तारामती तडक उठली, स्वयंपाकघरातनं भाकरी-आमटीचं ताट उचलून आणलं आणि यशोदाच्या खाटेवर बसली. रोग्याच्या अंथरुणावर जेवायचं! वडिलांनी बघितलं असतं तर भोवळच आली असती. एक घास आपल्या तोंडात, एक चमचा यशोदाच्या.

मिसबाई दारात आल्या. त्याही पार दमलेल्या, हातात पाण्याचं घमेलं. "तारामती, तिकडं तीन जणांचा ताप चढलाय."

"चढू दे. मी जेवतेय."

मिसबाई घमेलं घेऊन स्वतःच तिकडं गेल्या.

चार दिवसांनी यशोदा गेली. मिसबाई म्हणाल्या, "देवाची मर्जी."

"देवाची कशाला?" तारामती म्हणाली. "दोघींचं काम ओढून ओढून दमली हुती ती. तुमी बगत हुता, मीबी बगत हुते."

त्या संध्याकाळी ऊन असतानाच तिनं स्वतः घंटा वाजवली. निम्म्या पोरींना जेवायला बसवलं, निम्म्यांना वॉर्डात ठेवलं, मग अदलाबदल केली. मिसबाई एका शब्दानं आडव्या आल्या नाहीत. एवढं साधं होतं! एवढ्यासाठी एक पोर मरावी लागली!

शेवटी तारामती पानावर बसली. चिंचेवरचं ऊन सरायच्या आत तिनं पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास ढकलला, ताट धुतलं आणि यशोदाच्या वाटणीचे रोगी बघायला गेली.